मदत हवी आहे: राजवाडा परिसरातील हंगामी वाहनबंदीचे निवेदन कसे लिहावे?

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या राजवाड्यामागील एका गल्लीत आमचे तीन पिढ्यांचे घर आहे. नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार आणि खजुरी बाजार यांना जोडणारे रस्ते वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत, असे निवेदन महापालिकेला देण्याचे गल्लीत ठरले आणि मी निवृत्त कारकून असल्यामुळे ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

रंगपंचमीच्या गेरसाठी (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी) आणि दिवाळीच्या गर्दीत येथे रस्ते अडवले जातातच. परंतु तो बंदोबस्त गर्दी आवरण्यासाठी असतो, चालणाऱ्याच्या सोयीसाठी नसतो. बॅरिकेड लागले की मोटारी थांबतात, दुचाक्या मात्र फटीतून शिरतात, मोकळ्या झालेल्या जागेत ठेले उभे राहतात, आणि माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना सराफ्यापर्यंत जाताना पूर्वीइतकीच कसरत करावी लागते. (केवळ मोटारी थांबवून इंदुरात काही साधणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.)

दुकानदारांचा विरोध आहे. गाडी जवळ लावता आली नाही तर गिऱ्हाईक मॉलकडे वळेल, ही त्यांची भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. त्यांना दाखवण्यासाठी काही उदाहरणे मी जमवली आहेत: कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा बाजाररस्ता नोव्हेंबर 1962 मध्ये प्रयोग म्हणून वाहनांना बंद झाला आणि 1964 मध्ये ती व्यवस्था कायम झाली, माँट्रियालमध्ये सेंट कॅथरीन रस्त्याचा एक भाग 2008 पासून उन्हाळ्यात पादचाऱ्यांचा होऊ लागला, बंगळुरूचा चर्च स्ट्रीट 2020-21 च्या हिवाळ्यात शनिवार-रविवारी मोकळा ठेवला होता. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर होणारा पादचारी दिन आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, पण एका दिवसाच्या अनुभवावरून महिन्याचा अंदाज कसा बांधावा?

निवेदनात कोणत्या अटी सुचवाव्यात, विशेषतः रहिवाशांच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि मालाचे टेम्पो यांबाबत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1:

काका, निवेदन केवळ महापालिकेला देऊन भागणार नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार वाहनांवर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला असतो. इंदुरात 2021 च्या डिसेंबरपासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा एक प्रत तेथेही द्यावी. याच कलमानुसार बंदी एका महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल तर राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. घटस्थापना ते भाऊबीज हा काळ महिन्याच्या थोडा वर जातो. आपण दसऱ्यापासून मागणी केलीत तर तो तीन आठवड्यांच्या आसपास राहील. दुचाकींचा उल्लेख निवेदनात स्वतंत्रपणे करावा. मालासाठी दिल्लीच्या चांदणी चौकाचा दाखला द्यावा, तेथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी ठेवण्याचा नियम झाला आणि माल रात्री येऊ लागला.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. महिन्याची ही मेख माझ्या लक्षातच आली नव्हती. आता दसऱ्यापासूनच मागणी करू. चांदणी चौकाचे वेळापत्रक मात्र सराफ्याला जसेच्या तसे चालणार नाही, कारण तेथे दागिन्यांची दुकाने मिटली की त्यांच्या ओट्यांपुढे खाऊचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून टेम्पोंसाठी पहाटे चार ते सकाळी नऊ ही वेळ मागावी, असे वाटते. दुकानाचे कुलूप इतक्या लवकर उघडायला कोणी तयार होईल का, हे आपल्यापैकी कोणी व्यापारी असल्यास सांगावे.