नकाशावर टाकलेली बारव दोनदा गायब झाली, का?

बारववेडा: आमच्या माण तालुक्यात शेताच्या बांधाला पायऱ्यांची जुनी बारव आहे. ऑनलाइन नकाशावर ती टाकली, आठ दिवसांत काढली गेली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. कारण कळवलं नाही. आजीने तिथून पाणी आणलंय हो, जागा खोटी कशी?

नकाशेकर: नाव काय दिलं होतं? पिन जागेवर उभं राहून टाकली का?

बारववेडा: ‘प्राचीन सुंदर बारव, जरूर भेट द्या’. पिन पुण्यातून, अंदाजाने. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला.

नकाशेकर: मग तिथेच अडलं असणार. नावात वर्णन घातलं की ती जाहिरात वाटते. उपग्रहचित्रात पिनखाली नुसती ज्वारी दिसली, तर तपासणारा काय समजणार? दुसऱ्याचा फोटो तर टाकूच नका. त्यात एकाच खात्यावरून तेच पुन्हा टाकलं, की संशय वाढतो.

सह्याद्रीकर: ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका. २००४ पासून लोकच तो नकाशा घडवतात. तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणी, केव्हा काढलं ते दिसतं आणि त्या माणसाला थेट विचारता येतं. एक पाळा, दुसऱ्या नकाशावरून काही उतरवायचं नाही. तो परवान्याचा भंग, असं सापडलं की काढतातच. जागेवर जाऊन पडताळता येईल तेवढंच ठेवतात.

बारववेडा: रविवारी गावी जातोय. काठावर उभा राहून पिन टाकतो, पायऱ्यांचे फोटो स्वतः काढतो. नाव फक्त गावात म्हणतात तेच: थोरली बारव.