घरात अडकलोय, कॅमेरा उशाशी आहे, पण एक फोटो धड येईना. मदत हवी आहे

पाखरूवेडा
पायाला प्लास्टर आहे, अजून पाच आठवडे. घरातल्या घरात काय काढता येईल ते पटकन सांगा. पाण्याचे थेंब, काचेचा ग्लास, कुंडीतलं पान वगैरे ठरलेली यादी करून झाली. निम्मे फोटो फोकसच होत नाहीत, उरलेले हललेले, आणि रात्री काढलेल्यांवर आडवे पट्टे. कृपया 'सराव करा' म्हणू नका. सध्या दुसरं काही करतच नाहीये.

टिंबटिंब
कॅमेरा कुठला? लेन्स कुठली? दिवे कसले? पट्टे सगळ्या फोटोंवर येतात की काहींवरच?

पाखरूवेडा
कॅमेरा चांगला आहे हो, त्याचा दोष नाही. मला विषय सुचवा.

अंधारखोली
अख्खी खोलीच कॅमेरा करून टाका! खिडक्या काळ्या कागदाने पूर्ण बंद करायच्या आणि कागदाला दीड-दोन सेंटिमीटरचं गोल भोक पाडायचं. बाहेर लख्ख ऊन असलं की समोरच्या भिंतीवर रस्ता, झाडं, आभाळ सगळं उलटं उतरतं. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून अर्धा-एक मिनिट शटर उघडं. भोक लहान केलं तर चित्र रेखीव होतं पण अंधूक. मोठं केलं तर उजळ पण पसरट. फोटोग्राफर आबेलार्दो मोरेल १९९१पासून अशाच खोल्यांचे फोटो काढतोय. एकदा केलंत की थेंबबिंब विसराल.

पाखरूवेडा
स्टुलावर चढून खिडकी कोण बंद करणार? प्लास्टर लिहिलंय वर.

अंधारखोली
घरातल्या कोणाला तरी चढवा. वीस मिनिटांचं काम आहे.

रॉ_च_काढतो
जेपेगमध्ये काढत असणार तुम्ही. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) काढा, निम्मे प्रश्न संपतील.

टिंबटिंब
हललेला फोटो रॉमध्येही हललेलाच राहतो.

रॉ_च_काढतो
मी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून शटर वेगवान करण्याबद्दल बोलत होतो. त्याने येणारा ग्रेन, म्हणजे दाणे, नंतर काढता येतो.

टिंबटिंब
तसं लिहिलं नव्हतंत.

खिडकीपाशी
त्या माणसाला उठवता कशाला? पलंगावरून जी खिडकी दिसते तीच रोज काढा. योसेफ सुदेक या चेक फोटोग्राफरने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढली. काचेवरची वाफ, थेंब, बर्फ, पलीकडचं एक वाकडं झाड, बस्स. आणि आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना कॅमेऱ्याने काढलेला फोटोही खिडकीतूनच घेतलाय. फ्रान्सचा संशोधक न्येप्स, १८२६-२७. आठ तास एक्स्पोजर.

अंधारखोली
आठ तास ही जुनी समजूत. नंतर त्याचीच पद्धत वापरून बघणाऱ्यांचं म्हणणं की काही दिवस लागले असतील. त्या फोटोत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतंय, तेवढ्याने आठच तास ठरत नाहीत.

खिडकीपाशी
बरं, काही दिवस. खिडकी तर आहे ना?

सिलिका
कॅमेरा उशाशी ठेवू नका. घरात ओल असेल तर लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. माझी एक लेन्स अशीच गेली.

पाखरूवेडा
बुरशीचं कोणी विचारलंय का? खिडकीतून मी रोजच काढतो. तिथे फोकस नीट होतो. टेबलावरचं काही घेतलं की लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते.

टिंबटिंब
शेवटचं विचारतो. लेन्स कुठली?

पाखरूवेडा
७०-३०० मिमीची लांब झूम. आयडी वाचला नाहीत का? पक्ष्यांना दुसरं काय लावतात?

टिंबटिंब
अहो, हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं! या लेन्सा साधारण सव्वा ते दीड मीटरच्या आत फोकसच होत नाहीत. शिवाय ३००वर हातात धरून काढायचं तर शटर निदान १/३०० सेकंद हवा, तेवढा उजेड घरात कुठला? कॅमेरा उशीवर नाहीतर लोडावर टेका, दोन सेकंदांचा टायमर लावा.
पट्टे दिव्यांमुळे. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा (६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०). आणि सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर आधी बंद करा, ते चित्र ओळीओळीने टिपतं म्हणून पट्टे उठतात.

पाखरूवेडा
सायलेंट चालू आहे. पक्षी उडतात ना आवाजाने.

सदूकाका
घरात कोणाला चाळिशी आहे का? थट्टा नाही करत. +२ नंबरचा वाचायचा चष्मा म्हणजे ५० सेंटिमीटरचं भिंग. त्याची एक काच लेन्सच्या तोंडाशी धरा, टेपने चिकटवलीत तरी चालेल (कडेला, काचेवर नको). लेन्सचा फोकस अनंतावर (सगळ्यांत लांबवर) ठेवला की बरोबर ५० सेंमीवरची वस्तू स्पष्ट दिसते. दीड मीटरवर फिरवला की ३७च्या आसपास. ३००वर वस्तूच्या खऱ्या आकाराच्या ०.६ पट प्रतिमा मिळते, म्हणजे क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर चार सेंटिमीटरची वस्तू अख्खी चौकट भरते. किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या छोट्या लेन्सला) हाच चष्मा लावून एवढी मजा नाही, लांब लेन्सलाच खरा फायदा. कडा मऊ येतात, म्हणून लेन्सचं छिद्र लहान, एफ/११ ठेवा. प्रोग्रेसिव्ह किंवा सिलिंडरचा नंबर असलेला चष्मा नको, चित्र ओढल्यासारखं येतं.

रॉ_च_काढतो
चष्म्याची काच? रंगांच्या कडा येतील. नीट क्लोज-अप फिल्टर घ्या, नाहीतर मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स.

सदूकाका
येतील थोड्या. पाच आठवड्यांसाठी मॅक्रो लेन्स घ्यायची का?

पाखरूवेडा
काका!! बायकोचा चष्मा लावला. प्लास्टरचाच फोटो काढला, दुसरं काही हाताशी नव्हतं. टेबल लॅम्प आडवा, अगदी पृष्ठभागाला घासून उजेड टाकला आणि बँडेजच्या विणीत खड्डे, टेकड्या, सावल्या. पोरीने स्केचपेनने काढलेली चिमणी आहे त्यावर, तिच्या शाईचे फाटे तंतूतंतूत पसरलेले दिसतात. सहा इंचांत दिवसभर पुरेल एवढं आहे. पट्टेही गेले. चष्मा आता संध्याकाळपर्यंतच मिळणार आहे, तिला वाचायचंय.

खिडकीपाशी
प्रचि (प्रकाशचित्र) कुठंय? टाका की.

अंधारखोली
आता खिडकीचं मनावर घ्या. भोक पाडायला तर चढावं लागत नाही.

टिंबटिंब
कॅमेरा कुठला ते अजून सांगितलं नाहीत.