जुनी फोर बाय फोर : ‘टायर टाका नि गप्प बसा’ला उत्तर

लो_रेंज (धागाकर्ता)

परवा इथे एकाने विचारलं, महिंद्राची जुनी जीप एमएम ५४० किंवा मारुतीची जिप्सी घेऊ का. दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणाऱ्या. त्यावर ‘सरळ_हिशेब’ यांनी एका वाक्यात निकाल लावला : ‘दुसऱ्याची कटकट पैसे मोजून घरी आणू नका, टू व्हील बोलेरो घ्या, चांगले टायर टाका नि गप्प बसा, नाशकात फोर बाय फोर लागते कुठे?’ खाली लाइकचा पाऊस. म्हणून वेगळा धागा.

लागते कुठे, ते जुलैत हरसूल, पेठ, सुरगाणा पट्ट्यात जाऊन विचारा. चढावर मागचं एक चाक चरात उचललं गेलं की ओपन डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या गिअरमध्ये) ते नुसतं भिरभिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला ढकलण्याइतका जोर मिळतच नाही. टायर कितीही भारी असो, हवेत तो काय पकडणार? उतारावर तर लो गिअरला, म्हणजे गाडी सावकाश पण जोरात चालवणाऱ्या जादा गिअरला, पर्यायच नाही. महिंद्राचा लो साधारण अडीच पट सावकाश आहे. पहिल्यात टाकून ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी शहाण्यासारखी उतरते.

राहिली कटकट. ती घरी येते, कारण लोक रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिम बघून टोकन देतात. बघायचा असतो पुढचा एक्सल. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) दांडा फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग), पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे) लॉक. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडा प्ले सोडला तर चाक फिरता कामा नये. फिरलं, तर हब गेलाय, आतला शाफ्ट तुटलाय, किंवा दांडा नुसता शोभेला आहे. मग हब फ्री करा, आता ते मोकळं फिरलं पाहिजे. असे हबच नसतील तर टू-एचमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) चाक फिरवून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा) फिरतो का बघा. फिरायला शाफ्ट जागेवर असला पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण ‘अ‍ॅव्हरेज वाढतं’ म्हणून तो काढून गोठ्यात टाकलेल्या जीपा ‘फोर बाय फोर चालू’ म्हणून विकल्या जातात.

चाक उचललेलंच आहे तर वर-खाली धरून हलवा. डुगडुगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ). पन्नास-साठच्या स्पीडला खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरत सुटतं ते बहुधा इथूनच. त्यावर मलमपट्टी म्हणून नवा स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दट्ट्या) लावलेला असतो. जुन्या गाडीत एकटा डॅम्परच चकचकीत दिसला की समजून जा.

सरळ_हिशेब

माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. आता माझंही ऐका.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन हौसिंग (एक्सलच्या खोळी, आत डिफरन्शियल), दोन प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), पुढचे नकल (पुढच्या चाकांचे वळणारे सांधे) आणि त्यांची सीलं. यातलं निम्मं टू व्हील गाडीत नसतंच, म्हणून ते बिघडतही नाही. हरसूलचा घाट दाखवताय, पण गाडी फिरणार कॉलेज रोड ते गंगापूर रोड, फार तर भावली धरण. आणि निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत फोर बाय फोरने काय होतं? टू व्हील गाडी दोन खड्डे खणते, तुमची चार. बाहेर काढायला ट्रॅक्टर दोघांनाही लागतो.

ग्रीसगन

काळ्या मातीबद्दल हिशेबभाऊ बरोबर बोलले, नाइलाजाने म्हणतो. मुरमाच्या रस्त्यावर वरचा चिखल पातळ असतो. बारीक सोळा इंची टायर तो कापून खालच्या कडक थराला टेकतो, म्हणून जुनी जीप तिथे रुंद टायरवाल्यांना मागे टाकते. खोल काळीला खाली कडक थरच नाही. त्यात टायरच्या नक्षीत माती भरली की चारही चाकं गुळगुळीत रोलर. तिथे हवा अठरा-वीसपर्यंत उतरवायची, दुसऱ्या गिअरमध्ये लो टाकून एका दमात काढायची, मध्ये थांबायचं नाही.

पण ‘टायर टाका’ हा सल्लाही अर्धवटच. जुन्या फोर बाय फोरला दोन नवे, दोन जुने टायर टाकणं म्हणजे ट्रान्सफर केसला विष. पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा असला की फोर-एचमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात. डांबरावर फोर-एच लावून वळलात तरी तेच. मग दांडा अडकतो आणि लोक तो लाथेने काढतात. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटला की दांडा बोटाने निघतो.

जिप्सीवेडा

एमएम ५४० चं कौतुक पुरे. १९८५ च्या काळातलं २११२ सीसीचं प्युजो डिझेल, हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) गेले की थंडीत सेल्फ मारून बॅटरी मरते. जिप्सी घ्या, तीही एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन). सोळा व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर, वजनाला हलकी. २०१९ पर्यंत बनत होती म्हणजे पार्ट आहेत.

लो_रेंज

जिप्सी चांगलीच आहे, पण विकणारे काय लपवतात तेही लिहा ना. आतलं एक्सल सील गेलं की हौसिंगचं ऑइल नकलच्या गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि तो काळा काला ब्रेकवर ओघळतो. गोळा बाहेरून पुसून चकाचक केलेला असेल, तर चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. ट्रान्सफर केस रबर माउंटवर लटकलेली असते. ती रबरं फाटली की गिअर सटकतो आणि मिस्त्री गिअरबॉक्स खोलायला निघतो. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासीला हातोडीने हलकं ठोका. टण्ण आवाज आला तर ठीक, भदाक आला तर दुसरी गाडी बघा. कोकणातून आलेली असेल तर जरा जास्तच ठोका.

डिझेलचं म्हणाल, तर इंजिन थंड असताना स्वतः सेल्फ मारा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ म्हणणाऱ्याकडून चहा घ्या आणि निघा. सुरुवातीचा पांढरा धूर हीटर प्लगचा, गरम झाल्यावरही निळा राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. ऑइल भरायचं झाकण आयडलवर काढून बघा, भकाभका वाफ मारत असेल तर बोअरचं काम आलं.

बागायतदार_निफाड

एवढं कशाला? आमच्याकडच्या जीपांना गिअरबॉक्स, ट्रान्सफर, दोन्ही हौसिंग, सगळीकडे ट्रॅक्टरचं ऑइल जातं. वीस लिटरचा कॅन बागेत असतोच. गाड्या चालताहेत. तुम्ही लोक नेटवर वाचून उगाच बाऊ करता.

ग्रीसगन

‘चालताहेत’ म्हणजे हौसिंग रडत चालताहेत. ट्रॅक्टरचं ते ऑइल गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकसाठी केलेलं असतं. बहुतेक डब्यांवर जीएल-४ (गिअर ऑइलचा एक प्रकार) लिहिलेलं सापडेल. हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन (जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) हायपॉइड असतो, दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटत जातात. त्या दाबाखाली जीएल-४ चा थर टिकत नाही. तिथे ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबर, जीएल-५ च.

जिप्सीवेडा

मग सगळीकडेच जीएल-५ टाका, एकच डबा. पाच मोठं की चार?

ग्रीसगन

नाही हो! हा आकडा परीक्षेतले मार्क नाहीत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची भर जास्त असते. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या रिंगा पितळी. हल्लीची काही ऑइलं पितळ खात नाहीत असं म्हणतात, मान्य. तरी घसरडेपणा उरतोच : रिंगेने गिअरला धरून वेग जुळवायचा असतो, ती घसरली की तिसरा टाकताना कर्रकन आवाज. जुनं ऑइल उन्हात धरा. सोनेरी चमक दिसली तर ती पितळ. चुंबकाच्या प्लगवर करडी पेस्ट चालेल, टोचणारे तुकडे नाही चालणार.

बागायतदार_निफाड

म्हणजे गिअरबॉक्समध्ये आमचं ट्रॅक्टरचं जीएल-४ बरोबर आणि तुमच्या मिस्त्र्यांचं जीएल-५ चूक. हेच मी म्हणतोय, तर इतका थयथयाट कशाला?

ग्रीसगन

तुम्ही ‘सगळीकडे’ म्हणालात. शब्द फिरवू नका.

बागायतदार_निफाड

शब्द? आठवड्यातून एकदा गाडी धुवायला काढणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. द्राक्षाच्या हंगामात जीप दिवसभर लोमध्ये क्रेट ओढते.

ग्रीसगन

ओढते ना? मग हौसिंगचा प्लग खोला आणि वास घ्या. जळका वास आला तर इथे फोटो टाका.

लो_रेंज

दोघंही जरा दमानं. एक मुद्दा दोघांचाही सुटतोय. जुन्या महिंद्रात ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून बसते आणि मधलं सील झिजलं की ऑइल एकीतून दुसरीत जातं. एक कोरडी, दुसरी तुडुंब. दोन वेगळी ऑइलं टाकाल तरी महिन्याभरात त्यांची भेळ होणार. म्हणून त्या दोन्हीत एकच ऑइल, जीएल-४ ९० नंबर, आणि लेव्हल दोन्हीकडे वेगवेगळी तपासायची. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी, मधे छोटा शाफ्ट, तिथे हा प्रश्न नाही. पण तिच्यात मावतंच जेमतेम पाऊण-एक लिटर, थेंब-थेंब गळतीनेही बेअरिंग बसतं.

दांडा लोमधून सटकतो ती तक्रारही आधी बाहेरच तपासा. माउंट, दांड्याच्या पिना, बॉलची स्प्रिंग. त्यानंतर इंटरमिजिएट गिअरचे थ्रस्ट वॉशर आणि शाफ्ट. शाफ्ट, बुश सातपूर-अंबडच्या लेथवर करून मिळतात, फक्त बेअरिंग लोकल टाकू नका, नाहीतर तेच काम पुन्हा करावं लागेल.

कागद_आधी

ऑइल, ऑइल, ऑइल! गाडी कागदावर जिवंत आहे का ते कोणी विचारतंय का? पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी चारचाकीची फी ६०० ची ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. वर पर्यावरण कर. ‘आरसी संपली आहे, दादा, होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला सांगा, आधी तुमच्याच नावावर रिन्यू करून द्या, मग पैसे.

इंजिन बदललेलं असेल तर त्याचा नंबर आरसीवर चढलाय का? मिलिटरी लिलावाची म्हणून विकतात, तर लिलावाची कागदपत्रं कुठे आहेत? आणि ते लांब शॅकल (पाटा चासीला जोडणारे दुवे), दिव्यांच्या पट्ट्या, रुंद टायर लावून रील काढणारे! २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल चालणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पेठ रोडला आरटीओत पासिंगला गेल्यावर हेच लोक रडतात.

सरळ_हिशेब

हेच मी एका ओळीत लिहिलं होतं. तुम्हाला धागाभर लागलं.

लो_रेंज

कागदांचं म्हणणं पूर्ण मान्य. लांब शॅकलबद्दल तर कायद्याचीही गरज नाही. पुढचा पाटा शॅकलने उचलला की कास्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) कमी होतो, मग गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे तोंड मारते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. उंचीच हवी तर पाट्याला नवी कमान द्या.

हिशेबभाऊ, तुमची ओळ होती ‘घेऊ नका’. इथे चाललंय ‘काय बघून घ्यायची’ ते. फरक आहे.

सरळ_हिशेब

बरं बाबा, ज्याला रविवार गाडीखाली झोपून काढायचा आहे त्याने जरूर घ्यावी. एक खरंच विचारतो, टोमणा नाही. ओढ्यातून गाडी काढल्यावर हौसिंगमध्ये पाणी जातं म्हणतात. सीलं चांगली असली तरी?

ग्रीसगन

तरीही. गरम हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हौसिंगची हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) जाम असेल तर ती सीलाच्या ओठातून पाणी ओढते. उलट उन्हात ब्रीदर जाम असला तर आतला दाब तेच ऑइल बाहेर ढकलतो, आणि लोक सील बदलत बसतात. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा. पाण्यात जायचंच असेल तर त्याला पाइप जोडून बोनेटच्या उंचीपर्यंत न्या. पाण्यातून आल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, पिनियनचं बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

बागायतदार_निफाड

हौसिंगला जीएल-५ आणतो. गिअरबॉक्समधलं ट्रॅक्टरचं काढणार नाही म्हणजे नाही.

ग्रीसगन

नका काढू. लेव्हल बघत राहा, ते पातळ असतं, जुन्या सीलातून लवकर पाझरतं. आणि हौसिंगचं काढताना आधी वरचा भरायचा प्लग खोला, मग खालचा. खालचा खोलून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून जाम निघाला तर गाडी तिथेच उभी. चौकोनी प्लगला साधा पाना लावून कोपरे झिजवू नका, बरोबर मापाची चावी घ्या आणि आदल्या रात्री थोडं डिझेल सोडून ठेवा.