डाउनहिलसाठी मागची रिम: सारखी चेपते, नवी कोणती घ्यावी?

उतारवाट

डाउनहिलच्या, म्हणजे डोंगरउतारावर चालवायच्या सायकलच्या मागच्या चाकाची रिम बदलायची आहे. सगळा तपशील आधीच देतो.

चाकं पुढे २९ इंची, मागे २७.५ इंची. हेल्मेट, पॅड, पाणी धरून चालवणाऱ्याचं वजन ८६ किलो. वाटा दगडधोंड्यांच्या, मध्ये मध्ये एक-दीड मीटरचे ड्रॉप (एकदम खाली उतरणारे टप्पे). सध्याची रिम अ‍ॅल्युमिनियमची, आतली रुंदी ३० मिमी, स्पोकसाठी २८ भोकं, वजन साधारण ४६० ग्रॅम. हब (चाकाचा मधला भाग) १४८ मिमी रुंदीचा, म्हणजे बूस्ट, जे-बेंड (हबपाशी वाकलेले) स्पोक. टायर २.४ इंची, ट्रेल केसिंगचा (केसिंग म्हणजे टायरचा कापडी थर, ट्रेलचा हलका), ट्यूबलेस, मागे हवा २२ पीएसआय.

रिमच्या कडेला चार ठिकाणी डेंट आहेत. एका डेंटमधून रात्रभरात हवा उतरते. त्याच जागी चाक आत बसलंय, तिथले तीन स्पोक सैल लागतात आणि ते ताणले की चाक अजून आत ओढलं जातं. बाजूचा आउट (डावी-उजवीकडचा वाकडेपणा) निघतो, पण खालीवर उडणं जात नाही.

जड अ‍ॅल्युमिनियम रिम घ्यावी की कार्बन? आणि २८ ऐवजी ३२ भोकांची घेतली तर फरक पडेल का?

ताणमापी

ही रिम संपली. बाजूचा आउट स्पोकने काढता येतो, पण आत बसलेली जागा स्पोकने बाहेर येत नाही, कारण स्पोक फक्त ओढतो, ढकलत नाही. ते तीन स्पोक सैल ठेवले तर त्यांच्या वाट्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि पुढे तेच तुटतात.

पण नवी रिम घेण्याआधी ही का चेपली ते बघा. ८६ किलो वजन, ट्रेल केसिंग आणि २२ पीएसआय हे गणित दगडांच्या उतारावर जमत नाही. टायर पूर्ण दबून दगड थेट रिमच्या कडेवर बसतो. उतरताना मागून 'टण्ण' असा धातूचा आवाज येत असेल तर तो हाच. या हवेवर ६०० ग्रॅमची रिम लावलीत तरी तीही चेपेल, फक्त जरा उशिरा.

म्हणून आधी टायर. मागे दुहेरी थराचं डाउनहिल केसिंग घ्या. २.४-२.५ मापात असा टायर साधारण १२००-१३०० ग्रॅम भरतो, म्हणजे ट्रेल केसिंगपेक्षा दोन-तीनशे ग्रॅम जास्त. हे वजन चाकाच्या कडेला जातं आणि पेडल मारताना जाणवतं, त्याला इलाज नाही. हवा मागे २७-२८ पीएसआयपासून सुरू करा, आवाज आला तर एक-एक पीएसआय वाढवत जा. पुढे तीन-चार पीएसआय कमी चालेल. मोजायला दर वेळी एकच गेज वापरा, दोन पंपांच्या गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

आता रिम. २७.५ मध्ये डाउनहिलला ५५० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. त्यातही नुसतं वजन बघू नका, धातू कुठे ठेवलाय ते बघा. तो दोन ठिकाणी हवा: टायर अडकतो ती कडा आणि निपल (स्पोक ताणायचे छोटे नट) बसतात तो तळ. कडा जाड आणि माथ्याला बोथट असेल तर दगडाचा मार जास्त जागेत पसरतो, कडा वळत नाही आणि टायरही कापला जात नाही. बारीक धारदार कडेची हलकी रिम दोन्हीकडून मार खाते.

सांधा वेल्ड केलेला घ्या. पिन घालून दाबलेला सांधाही टिकतो, पण मोठ्या आघातानंतर तिथे पायरी येण्याची शक्यता असते. ट्यूबलेसमध्ये सांध्यातून हवा झिरपण्याचा त्रासही वेल्डमध्ये कमी.

रुंदी आहे तीच ठेवा. २.४-२.५ च्या टायरला आत ३० मिमी बरोबर बसते. ३५ वर गेलात तर टायर चौकोनी होतो, खांद्याचे गोटे बाहेर वळतात आणि रिमची कडा टायरच्या आडोशातून बाहेर डोकावते. जास्त रुंद म्हणजे जास्त मजबूत, हा समज इथे उलटा पडतो.

माहितीपत्रकात एएसटीएम वर्ग (वापर किती कठीण, त्याची प्रमाणित वर्गवारी) दिलेला असतो तोही वाचा. वर्ग ५ म्हणजे डाउनहिल, फ्रीराइड, मोठ्या उड्या. वर्ग ३ किंवा ४ ची रिम या वापरासाठी नाही, दिसायला कितीही दणकट असो. नमुना म्हणून डीटी स्विसच्या ईएक्स ५११ चं माप बघा. आत ३० मिमी, वेल्डचा सांधा. इतर कंपन्यांच्या रिम तिच्याशी ताडून बघता येतील.

निपलपाना

३२ भोकांच्या प्रश्नावर एक मुद्दा राहिला. रिमची भोकं हबच्या भोकांइतकीच लागतात. तुमचा हब २८ चा आहे, म्हणजे ३२ ची रिम घेतली तर हबही नवा आणि स्पोकही नवे. कोरं चाक बांधत असाल तर मागे ३२ घ्या, एक स्पोक तुटला तर चाक कमी वाकडं होतं आणि खाली येता येतं. पण केवळ त्यासाठी चांगला हब काढू नका. नीट ताणलेलं २८ चं चाक सैल ३२ पेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

तुमच्या बाबतीत बघायचं माप ईआरडी. निपल जिथे बसतो त्या ठिकाणचा रिमचा परिणामी व्यास. नव्या रिमचा ईआरडी जुन्याच्या एक-दोन मिमीच्या आत असेल आणि निपलच्या भोकांची सरक (ती मध्यापासून किती बाजूला आहेत) सारखी असेल तर आहेत तेच स्पोक चालतात. नवी रिम जुन्या रिमला टेपने चिकटवा, व्हॉल्वची भोकं समोरासमोर ठेवा आणि एकेक स्पोक इकडून तिकडे हलवा, विणकाम मोडावं लागत नाही. फरक त्याहून जास्त असेल तर लांबी नव्याने काढा. स्पोक लांब पडला तर आटे संपतात आणि ताण येत नाही, आखूड पडला तर निपलच्या मानेपर्यंत पोचत नाही आणि निपल तिथेच तुटतो. कॅसेटच्या (मागच्या गिअर-चकत्यांच्या) बाजूचे स्पोक चेन आत पडून ओरखडले असतील तर ते वापरू नका, त्या ओरखड्यापासूनच चीर सुरू होते.

निपल मात्र नवे आणि पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलने चाकामागे काही ग्रॅम वाचतात, पण सीलंट (ट्यूबलेस टायरमधला गळती बुजवणारा द्रव) आणि चिखलाने ते गंजतात, मग चावीखाली त्यांचे कोपरे झिजतात. स्पोक २.०/१.८/२.० डबल बटेड. सरळ २.० मिमीचा जाड स्पोक जास्त मजबूत वाटतो, पण मधला बारीक भाग किंचित ताणला जाऊन धक्का घेतो, त्यामुळे वाकणाजवळ तुटणं कमी होतं.

ताण: बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम रिमची मर्यादा १२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १२२ किलो असते. आधी आपल्या रिमचा आकडा बघा. कॅसेटच्या बाजूला ११०-१२० किलोपर्यंत न्या, ब्रेकच्या बाजूला आपोआप कमी येईल, कारण तिकडचा फ्लँज (हबची स्पोक अडकतात ती कड) मध्यापासून लांब आहे. हा फरक कमी करायला असममित रिम मिळते, तिची भोकं मधोमध नसून दोन-तीन मिमी सरकलेली असतात. मागे ती सरक कॅसेटच्या विरुद्ध बाजूला ठेवायची, पुढच्या चाकात डिस्कच्या विरुद्ध बाजूला. उलटी लावलीत तर फरक वाढतो.

आट्यांना थोडं तेल, मग चारी बाजूंनी सारखं, शेवटी शेवटी पाव-पाव फेरा. प्रत्येक वेळी निपल थोडं पुढे नेऊन मागे आणा, नाहीतर स्पोक पिळलेला राहतो आणि पहिल्या उतारावर कटकट आवाज करत सुटतो. मधून मधून समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने घट्ट आवळा आणि पुन्हा आउट बघा. टायर बसवून हवा भरली की रिम दाबली जाते आणि ताण काहीसा उतरतो. ते गृहीत धरा, पण रिमची मर्यादा ओलांडून त्याची भरपाई करू नका. पहिल्या दोन-तीन राइडनंतर परत तपासा.

कार्बनपक्ष

कार्बनची बाजूही ऐका. कार्बनची रिम चेपत नाही. ती एकतर जशीच्या तशी राहते किंवा तडकते. त्यामुळे वर्षभर आउट काढायची वेळ येत नाही, स्पोकचा ताण सारखा राहतो आणि टायर कडेला नीट बसून राहतो. डाउनहिलसाठीच बनवलेली, रुंद बोथट कडेची रिम घेतली, आत फोमचा इन्सर्ट घातला आणि हवा नीट ठेवली तर मागेही चालते. अनेक कंपन्या पहिल्या मालकाला चालवताना तुटलेली रिम बदलून देतात, त्याच्या अटी घेण्याआधी नीट वाचा.

तपासणी मात्र नियमित हवी. मोठ्या आघातानंतर टायर उतरवून कडेवरून नख फिरवा, निपलच्या भोकांभोवती बारीक रेषा आहेत का बघा. कुठेही सीलंट ओलं दिसलं तर तिथे तडा समजा. तडा गेलेली कार्बन रिम चालवायची नाही, उरलेला उतारही नाही.

ताणमापी

हे सगळं खरं आहे, तरी या प्रश्नाला मागे अ‍ॅल्युमिनियमच सांगेन. कार्बन ताठ असल्याने दगडाचा मार टायरला जास्त बसतो, पंक्चर वाढतात. आणि चेपलेली अ‍ॅल्युमिनियम रिम बहुतेक वेळा खालपर्यंत आणते, तडकलेली कार्बन आणेलच असं नाही. कार्बन हवीच असेल तर पुढे लावा, तिथे रिमवर दगड कमी बसतात.

उतारवाट

मागे डाउनहिल केसिंग आणि २८ भोकांची वेल्ड केलेली अ‍ॅल्युमिनियम रिम, असं ठरवतोय. दोन गोष्टी विचारतो. नव्या रिमला डेंट आला तर घरी सरळ करता येतो का, आणि किती झाल्यावर रिम टाकायची? इन्सर्टही घालावा का?

निपलपाना

लहान डेंट येतो सरळ करता. टायर आणि टेप काढा. गुळगुळीत जबड्याचा अ‍ॅडजस्टेबल पाना कडेवर जेमतेम बसेल इतका आवळा, मध्ये कापडाची पट्टी ठेवा. मग थोडं थोडं ओढा, डेंटच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर कडा बाहेर जाते, परत आत आणावी लागते, आणि दर वळणाला धातू कडक होत तडकण्याच्या जवळ जातो. हातोडी नको. टायर हवा धरेल इतपत झालं की थांबा, दिसायला एकसारखी करण्याच्या मागे लागू नका. एकाच जागी दुसऱ्यांदा डेंट आला तर तिसऱ्यांदा सरळ करू नका.

टाकायची कधी: कडेला किंवा निपलच्या भोकापाशी चीर दिसली तर लगेच. चाक सरळ ठेवायला एकाच बाजूच्या स्पोकांमध्ये २० टक्क्यांहून जास्त फरक ठेवावा लागत असेल तर तेव्हाही. तुमच्या सध्याच्या रिमचं तेच झालंय.

इन्सर्ट आधी घालू नका. केसिंग आणि हवा बदलून बघा, तरी महिन्याभरात डेंट आला तर घाला. तो घातल्यावर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवणारे बरेच असतात, मग इन्सर्ट असूनही रिम चेपते. दोन पीएसआयहून जास्त उतरवू नका. व्हॉल्वही बाजूला भोकं असलेला लागतो, साधा व्हॉल्व फोमने बुजतो. ट्यूबलेस टेप ३० च्या रिमला ३२-३४ मिमीची घ्या, कडेपर्यंत पोचायला हवी पण बीडच्या (टायरच्या आतल्या काठाच्या) बैठकीवर चढून दुमडायला नको.

आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या दोन रिम एकदम घ्या. कंपन्या नाव तेच ठेवून प्रोफाइल बदलतात, ईआरडी दोन-चार मिमीने सरकतो आणि पुढच्या वेळी २८ चे २८ स्पोक बदलावे लागतात.