पोई: आपल्या अळकुड्यांची होईल का?

खाजरं_पान:
हवाईच्या मूळ लोकांचं मुख्य अन्न पोई, म्हणजे उकडून कुटलेला अळूचा गड्डा. रोप आपल्याच अळूचं, तिथे त्याला कालो म्हणतात. बाजारातल्या अळकुड्या उकडून मिक्सरला लावल्या तर बुळबुळीत खळ होते आणि वर घसा खाजतो. चुकतं कुठे? दुसरं म्हणजे, तिथली माणसं आता भात आणि स्पॅम, म्हणजे डब्यातलं डुकराचं मांसच जास्त खातात म्हणे. मग पोईचा एवढा अभिमान कशाचा?

पाटा_वरवंटा:
खाज राहिली म्हणजे गड्डा शिजलाच नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या नुसत्या उकळीने जात नाहीत. मोठे गड्डे सालासकट दोन-तीन तास वाफवा. सुरी मधोमध लोण्यासारखी गेली पाहिजे, कडक गाठ लागली तर परत चढवा. साल नंतर खरवडायची.

बुळबुळीचं कारण वेगळं. अळकुड्या म्हणजे बाजूची पिल्लं, त्यांना चीक जास्त. पोईला मधला मोठा गड्डा लागतो. मिक्सरच्या पात्याने पिष्टाला तार सुटते, म्हणून कुटायचं. हवाईत रुंद लाकडी पाट आणि दगडी बत्ता वापरतात. सुरुवातीला पाणी अजिबात घालायचं नाही, फक्त बत्त्याचा तळ आणि हात ओले. कडेचा गोळा मधे दुमडत राहायचा. पाणी लवकर पडलं तर गुठळ्या होतात, त्या मग मोडत नाहीत. हा घट्ट गोळा म्हणजे पाइआइ. तो पाण्याने सैल केला की पोई. किती सैल ते बोटांवर मोजतात: एका बोटावर उचलली जाते ती घट्ट, तीन बोटं लागतात ती पातळ.

ओहोळकाठ:
अभिमानाचं विचारलंत. त्यांच्या कथेत वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं तिथे कालो उगवला. दुसरा मुलगा हालोआ, त्याच्यापासून माणसं. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, हा रिवाज त्यातलाच. कुटुंबाला ओहाना म्हणतात, तेही ओहा या शब्दावरून, ओहा म्हणजे गड्ड्याला फुटणारं पिल्लू. आपण ज्याला नुसती अळकुडी म्हणतो तेच!

भात तिथे कोणी हौसेने धरला नाही. १७७८ मध्ये युरोपीय जहाजं पोचली, त्यानंतर आलेल्या रोगांनी माणसं गेली, पाणथळ वाफे ओस पडले. त्यात चिनी मजुरांनी भात लावला. माउई बेटाच्या पूर्वेचे ओढे १८७६ पासून उसाच्या कालव्यांकडे वळले. कालोला नुसतं पाणी पुरत नाही, वाहतं आणि गार लागतं. साधारण २५ अंशांच्या वर गेलं की गड्डा कुजायला लागतो. म्हणून तिथे अस्मितेचा वाद बहुतेक वेळा पाटाच्या पाण्यावर येऊन ठेपतो. पूर्व माउईतल्या बऱ्याच ओढ्यांना पाणी परत सोडायचा निर्णय थेट २०१८ मध्ये झाला. काउआई बेटावरच्या हानालेईत मात्र भाताच्या खाचरांत पुन्हा कालो आला, आणि आज राज्यातला बराचसा कालो तिथलाच.

पाटा_वरवंटा:
यात कायद्याचीही भर. दगड आणि लाकूड सच्छिद्र, म्हणून आरोग्याच्या नियमांत हातकुटीचं पाइआइ विकायला बसत नव्हतं. २०११ च्या कायद्याने थेट गिऱ्हाइकाला विकायची वाट मोकळी केली.

खाजरं_पान:
समजलं, चूक गड्ड्याच्या निवडीपासूनच होती. उरलेली पोई फ्रीजमध्ये ठेवायची का?

पाटा_वरवंटा:
बाहेर ठेवा, आंबायला हवी. पहिल्या दिवशी गोडसर, तिसऱ्या दिवशी ताकासारखी आंबट. ती आंबट आवडणारेही पुष्कळ. वर पाण्याचा पातळ थर ठेवा, नाहीतर साय धरून बुरशी येते. खाताना ते पाणी ओतून टाका.