क्लार्कसन यांचे शिक्षण: टिपणातील एका शब्दाबद्दल

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार,

रविवारी वाचन गटात, इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या थॉमस क्लार्कसन यांचे बालपण आणि शिक्षण या विषयावर मी बोलणार आहे. टिपणाची सुरुवात अशी केली आहे: 'विझबीच येथे २८ मार्च १७६० रोजी जन्मलेल्या क्लार्कसन यांना गुलामांविषयी लहानपणापासूनच कळवळा होता.' काही दुरुस्ती असल्यास अवश्य कळवावी.

– संयोजक, वाचन गट

ताई, नमस्कार.

तारीख बरोबर आहे. 'लहानपणापासूनच' हा शब्द मात्र कृपया काढावा. मुलाचे पाय पाळण्यात दिसलेच पाहिजेत, हा आपल्या चरित्रलेखनाचा जुना हट्ट येथे लागू पडत नाही. त्यांचे वडील धर्मोपदेशक आणि विझबीचच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक होते. ते १७६६ मध्ये वारले. थॉमस त्याच शाळेत शिकले, १७७५ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत आणि १७७९ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले, आणि १७८३ मध्ये पदवीधर झाले. पुढे चर्चमध्ये काम करायचे, एवढाच बेत होता.

१७८४ मध्ये त्यांना लॅटिन निबंधाचे पारितोषिक मिळाले होते, आणि तो नावलौकिक टिकवायचा म्हणून ते १७८५ मध्येही स्पर्धेत उतरले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्वतः प्रवचन दिलेले कुलगुरू पीटर पेकर्ड यांनी विषय दिला: 'आन्ने लिसेआत इन्व्हितोस इन सर्व्हितुतेम दारे', म्हणजे कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? क्लार्कसन यांना या व्यापाराची फारशी माहिती नव्हती. वर्तमानपत्रातली एक जाहिरात पाहून ते तडक लंडनला गेले आणि फिलाडेल्फियाचे क्वेकर (एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचे) शिक्षक अँथनी बेनेझे यांचे गिनीविषयीचे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याविषयीचे, पुस्तक विकत घेऊन आले. ते वाचू लागल्यावर बक्षिसाची हौस मागे पडली. झोप लागेना, रात्री सुचलेला मुद्दा सकाळपर्यंत निसटू नये म्हणून ते खोलीत मेणबत्ती जळती ठेवत आणि अंथरुणातून उठून तो टिपून घेत.

पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. केंब्रिज विद्यापीठाच्या सिनेट हाउस या सभागृहात निबंध वाचून घोड्यावरून लंडनला जाताना, हर्टफर्डशरमधील वेड्समिलजवळ ते खाली उतरले आणि रस्त्याकडेला बसून राहिले. निबंधात लिहिले ते खरे असेल तर या यातनांचा शेवट कोणीतरी केलाच पाहिजे, असे तेथे त्यांच्या मनात आले. त्यावेळी ते पंचवीस वर्षांचे होते; म्हणून 'लहानपणापासूनच' खटकते. त्या जागी आज स्मारकस्तंभ आहे. आपल्यापैकी अनेकजण त्या रस्त्याने गाडी न थांबवता गेले असतील; मीही त्यांतलाच.

– एक जुना सभासद

काका, मनःपूर्वक आभार.

शब्द काढला आहे आणि आता सुरुवात मेणबत्तीपासूनच करते. शाळा-कॉलेजांची यादी एका वाक्यात आटोपती घेईन. मात्र ते लॅटिन शीर्षक रविवारी आपणच वाचून दाखवावे. माझी जीभ 'सर्व्हितुतेम'पाशीच अडखळते.