पॉइझनस आणि व्हेनमस, दोन्ही विषारीच ना? मग मार्क का कापला?

वाईची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. सायन्सच्या पेपरात तिने 'कोब्रा इज अ पॉइझनस स्नेक' असं लिहिलं तर बाईंनी पॉइझनसवर काट मारून वर व्हेनमस लिहिलंय आणि अर्धा मार्क कापलाय. खाली 'स्कॉर्पियन बाइट' लिहिलं होतं तिथे पण बाइट खोडून स्टिंग. आता मी डिक्शनरीत बघितलं तर दोन्हीचा अर्थ विषारी, आणि आपण तर साप पण चावला म्हणतो आणि विंचू पण चावला म्हणतो. लेक रडवेली झालीय, तिला नुसतं 'पाठ कर' असं सांगायचं नाहीये, फरक नीट समजून सांगायचाय. कोणी सांगेल का?

सर्पमित्र_जुन्नर:
ताई, मी दहा वर्षं साप पकडतोय, शाळांमधे कार्यक्रम पण करतो आणि हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन्हीत विष आहेच, फरक आहे तो ते विष आपल्या अंगात शिरतं कसं याचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांकडे विषाची ग्रंथी आहे आणि विषदंत आहेत, ते चावून विष आत सोडतात. म्हणजे विष टोचायचं हत्यार ज्याच्याकडे आहे तो व्हेनमस. आता धोतरा बघा, किंवा पिवळ्या कण्हेरीची बिट्टी. ती काय अंगावर धावून येत नाही, पण बी पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. ते पॉइझनस. कोकणात जाळी फाडणारा केंड मासा असतो ना, त्याच्या जातभाईंच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, मासा खाल्ला तर बाधतं, तो पण पॉइझनस. साप मात्र जवळपास सगळे व्हेनमस किंवा बिनविषारी, मधले ते निमविषारी. 'जवळपास' अशासाठी म्हटलं की जपानमधे एक साप आहे यामाकागाशी नावाचा, तो विषारी बेडूक खातो आणि त्यांचं विष मानेतल्या ग्रंथींमधे साठवून ठेवतो, वर त्याचा चावा पण विषारी. तो एकाच वेळी दोन्ही आहे, लेकीला नक्की सांगा, मुलांना ही गोष्ट फार आवडते.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक:
वरचं उत्तर उत्तम. भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो. पॉइझन हा शब्द लॅटिनमधल्या पोशिओ वरून फ्रेंचमार्गे आला, त्याचा मूळ अर्थ पेय, घोट. पोशन हा त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे पॉइझन हे मुळातच प्यायचं, तोंडावाटे जाणारं. हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. व्हेनम आला तो लॅटिन व्हेनेनम वरून. आणि टॉक्सिक तर ग्रीक आहे, टॉक्सॉन म्हणजे धनुष्य, बाणाला लावायच्या विषावरून तो शब्द पडला. पण एक सांगायलाच हवं, रोजच्या इंग्रजीत पॉइझनस स्नेक सर्रास म्हणतात, चांगल्या डिक्शनऱ्यांतही तो वापर आहे, इंग्रज माणूस सुद्धा तसं बोलतो. त्यामुळे निबंधात मी हा मार्क कापला नसता. सायन्सच्या पेपरात मात्र बाईंचं बरोबर आहे, तिथे नेमका शब्दच हवा. मुलीला सांगा तुझं इंग्रजी चुकलेलं नाही, फक्त विज्ञानात याहून नेमका शब्द आहे.

सिस्टर_रायगड:
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, बाइट आणि स्टिंगचं मी सांगते कारण आमच्याकडे हा नुसता मार्काचा प्रश्न नसतो. रात्री पेशंट येतो, बरोबरचे लोक म्हणतात 'शेतात काहीतरी चावलं'. काय ते कोणी बघितलेलं नसतं, केसपेपरवर अननोन बाइट लिहावं लागतं आणि लक्षणं बघत बसावं लागतं. साप असेल तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आणि ते त्या चार सापांच्या विषावरचं आहे, विंचवाच्या विषावर त्याचा काही उपयोग नाही. आपल्या कोकणातला लाल विंचू हृदयावर जातो, त्याला प्राझोसिन देतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर आयुष्य घातलंय, त्यांचा लाल विंचवावरचा पेपर 1982 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्याच्या मथळ्यात पण शब्द स्कॉर्पियन स्टिंग असाच आहे. कारण विंचू तोंडाने चावत नाही, शेपटीच्या टोकाच्या नांगीने टोचतो. आणि मराठीत शब्द नाहीत असं नाही हो, 'नांगी मारली', 'डंख मारला' असं आमची आजी म्हणायची, आपणच सगळ्याला चावला म्हणायला लागलो. आणि पेशंटला आणताना कोणीही जखमेतलं विष तोंडाने ओढू नका, कापू नका, आवळून बांधू नका. सरळ दवाखाना.

वाईची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोशनवरून तिला लगेच कळलं आणि त्या जपानी सापाचं चित्र काढून बसलीय. आता तिचा नवीन प्रश्न, डास तर सोंडेने टोचतो मग तो स्टिंग का नाही, आणि मधमाशी, मुंगी यांचं काय?

सर्पमित्र_जुन्नर:
हुशार आहे पोरगी. टोचतो की चावतो हे बघू नका, कुठल्या अवयवाने ते बघा. डासाची सोंड म्हणजे त्याचं तोंडच, म्हणून मॉस्किटो बाइट. मधमाशीचा काटा मागच्या टोकाला असतो, म्हणून बी स्टिंग. कोळी तोंडाने, तो बाइट. आपला मुंगळा जबड्याने धरतो तो बाइटच, पण काही मुंग्या जबड्याने धरून ठेवतात आणि मागून काटा पण मारतात, त्यांच्या बाबतीत दोन्ही शब्द बरोबर. पुढच्या महिन्यात वाईला शाळेत कार्यक्रमाला येतोय, तिला म्हणावं पुढच्या रांगेत बस.